कानाची जबानी

माझ्या घरातील ध्वनियंत्रणेच्या मागील बाजूस, जेथे भिंतीतील सॉकेटपासून निघालेली विजेची दोरी ॲम्प्लिफायरच्या खाचेत शिरते, तेथे अंगठ्याएवढा एक जोड असतो. तंत्राच्या परिभाषेत त्यास आय.ई.सी. कनेक्टर म्हणतात, आणि संगणकापासून छापयंत्रापर्यंत तो घरोघरी इतक्या ठिकाणी बसलेला असतो की त्याच्याकडे सहसा कोणाचे लक्षही जात नाही. गेल्या श्रावणात माझे एक जुने स्नेही, ज्यांच्या कानावर माझा स्वतःच्या कानाइतकाच भरवसा आहे, अशा दोन कनेक्टरांच्या दोन दोऱ्या स्वतः तयार करून घेऊन आले. दोहोंची तार एकच, लांबी एकच, भिंतीकडचा प्लगही एकाच जातीचा. भेद एवढाच की एका कनेक्टरच्या आतील पात्यांवर सोन्याचा मुलामा होता आणि दुसऱ्याच्या पात्यांवर रोडियमचा. जपानमधील फुरुटेक, ओयाइदे यांसारखे कारखाने असे जोड दोन्ही मुलाम्यांत विकतात, आणि यंत्रणेचा स्वर आपल्या रुचीप्रमाणे किंचित इकडे किंवा किंचित तिकडे वळवून घेण्याचे साधन म्हणून जाणकार श्रोते त्यांची निवड करतात.

त्या संध्याकाळी आम्ही मल्लिकार्जुन मन्सूरांचे एक जुने ध्वनिमुद्रण लावले. प्रथम माझी नेहमीची काळी रबरी दोरी, मग सोन्याची, मग रोडियमची. सोन्याचा जोड लागताच स्पीकरमागची एक घुमी गुणगुण नाहीशी झाली, तंबोरा जणू एक पाऊल पुढे आला, आणि आवाजाला जी ऊब आली तिच्यापुढे आम्ही दोघेही काही वेळ काहीच बोललो नाही. रोडियम लागला तेव्हा ऊब ओसरली, पण स्वराच्या कडा अधिक स्वच्छ झाल्या आणि तानेतील एकेक दाणा सुटा दिसू लागला. हे सर्व मी त्याच रात्री वहीत लिहून ठेवले आहे आणि त्यातील एकही शब्द मी खोटा लिहिलेला नाही. मला जे ऐकू आले तेच मी लिहिले.

परंतु दुसऱ्या दिवशी ती वही वाचताना मनात जो प्रश्न उभा राहिला, त्याचा संबंध कनेक्टरच्या किमतीशी नव्हता. तो पुष्कळ जुना, आपल्या शास्त्रकारांनी शतकानुशतके चर्चिलेला प्रश्न होता. मला जे ऐकू आले ते ज्ञान होते काय? इंद्रियाची साक्ष प्रामाणिक असणे आणि ती प्रमाण असणे या दोन गोष्टी एकच आहेत काय? साक्षीदाराने शपथेवर दिलेली जबानी न्यायालय लिहून घेते, परंतु ती लिहून घेतली म्हणजे निवाडा झाला असे कोणी मानत नाही. मग स्वतःच्या कानाची जबानी मात्र आपण लागलीच निवाडा समजून दफ्तरी दाखल करतो, ती कोणत्या अधिकाराने?

वीज म्हणजे पाणी आणि जोड म्हणजे गोमुख, ही कल्पना आपल्या मनात नकळत बसलेली असते. कुंडात पडणारी धार गोमुखातून येते, आणि गोमुख शुद्ध असेल तर धारही शुद्ध, असे आपल्याला वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. पोफळीच्या वीजगृहात कोयनेच्या पाण्याने निर्माण झालेली शक्ती, राज्यातील इतर केंद्रांच्या शक्तीत मिसळून, ॲल्युमिनियमच्या तारांवरून, एकामागून एक रोहित्रांतून उतरत गल्लीतील डी.पी.पर्यंत, तेथून मीटरपर्यंत आणि मीटरपासून भिंतीतील तांब्याच्या तारेने माझ्या खोलीत येते. परंतु या तारांतील इलेक्ट्रॉन कोयनेहून माझ्या घरी प्रवास करीत नाहीत. प्रवाह प्रत्यावर्ती आहे, सेकंदास ५० आवर्तने घेणारा, आणि घरगुती दोरीतून एक ॲम्पिअर प्रवाह वाहत असताना त्यातील इलेक्ट्रॉनांचा हेलकावा एका मायक्रॉनहूनही लहान असतो. जोडातील इलेक्ट्रॉन व्यवहारतः जोडातच राहतात. पुढे जाते ती ऊर्जा. ती ॲम्प्लिफायरमध्ये शिरली की तिचे दाब बदलले जातात, तिला एकदिश केले जाते, मोठ्या कपॅसिटरांच्या हौदांत ती साठवली जाते, आणि जे संगीत आपण ऐकतो ते त्या हौदांतून, ध्वनिमुद्रणाच्या आज्ञेप्रमाणे, मापून घेतलेल्या शक्तीचे असते. जोडातून गाणे वाहत नाही. गाण्याचा मार्ग निराळा आहे, आणि तो या जोडाला कोठेही स्पर्श करीत नाही.

एवढ्यावरून पुष्कळ शिक्षित माणसे प्रकरण निकाली काढतात. इतक्या शेकडो किलोमीटरच्या साध्या तारेनंतर शेवटच्या बोटभर जोडाने काय होणार, असे ते विचारतात आणि उत्तराची वाट पाहत नाहीत. हा युक्तिवाद मला मान्य नाही, आणि ज्याने तंबोरा जुळवला आहे अशा कोणाही मराठी माणसाला तो मान्य होऊ नये. मिरजेच्या कारागिराने महिनोन्महिने खपून घडविलेला तंबोरा, त्याचा मोठा भोपळा, त्याची लांब दांडी, त्याच्या चार तारा, हे सर्व सिद्ध असूनही जोपर्यंत घोडीवर तारेखाली सुताचा एक धागा नेमक्या जागी सरकवला जात नाही तोपर्यंत तो तंबोरा बोलत नाही. आणि धागा केसभर सरकला की जवारी खुलते आणि एका तारेतून स्वरांचे आख्खे कुटुंब बाहेर येते. हे कसे घडते ते चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले: वक्र घोडीवर तार कंप पावताना पुन:पुन्हा टेकते, आणि त्यामुळे तार छेडण्याच्या जागेवरून जे उपस्वर उमटूच नयेत असा तेव्हाचा नियम होता, तेही उमटतात. कारण सूक्ष्म आहे म्हणून कार्य असंभव आहे असे म्हणता येत नाही. सूक्ष्मता हा खंडनाचा पुरावा नव्हे. तो मंडनाचाही नव्हे, हे मात्र माझे स्नेही विसरतात. जवारीच्या धाग्याला जो अधिकार मिळाला तो त्याच्या लहानपणामुळे मिळालेला नाही. डोळे मिटून बसलेल्या, धागा म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या पोरालाही त्याचा परिणाम ऐकू येतो, म्हणून तो मिळाला.

येथे मला न्यायदर्शनाचे एक पद आठवते आणि ते मी विस्ताराने मांडू इच्छितो, कारण या साऱ्या प्रकरणाचे मर्म त्यात आहे असे मला वाटते. गौतमांनी प्रत्यक्षाचे लक्षण करताना, इंद्रिय आणि विषय यांच्या संनिकर्षातून ते उपजले पाहिजे एवढे सांगून न थांबता, त्या ज्ञानास तीन विशेषणे लावली. ते अव्यभिचारी असले पाहिजे. उन्हाळ्यात तापलेल्या भुईवर थरथरणाऱ्या किरणांना पाणी समजणे हे डोळ्यांनीच घडत असले तरी प्रत्यक्ष प्रमाण नव्हे. ते व्यवसायात्मक असले पाहिजे. दुरून दिसते ते धूर की धूळ असा संशय म्हणजे ज्ञान नव्हे. आणि ते अव्यपदेश्य असले पाहिजे. या शेवटच्या पदाचा अर्थ वाचस्पतिमिश्रांनी निराळा लावला आहे हे मला ठाऊक आहे, परंतु भाष्यकार वात्स्यायनांची वाट मला अधिक जवळची वाटते. ते म्हणतात त्याचा आशय असा: वस्तूचे ज्ञान होते, मग व्यवहारासाठी आपण त्यास नाव देतो, परंतु ज्ञान उपजण्याच्या क्षणी त्या नावाचा व्यापार नसतो. नाव नंतर येते. ज्या मुलाला ‘रूप’ हा शब्द ठाऊक नाही त्यालाही रूप दिसते.

आता माझी संध्याकाळ पाहा. सोन्याचा जोड लावण्यापूर्वी मला सांगण्यात आले होते की हा सोन्याचा. रोडियमचा लावण्यापूर्वी सांगण्यात आले होते की हा रोडियमचा. नाव आधी आले होते आणि ऐकणे नंतर. माझ्या कानाने जी जबानी दिली ती नावाच्या हजेरीत दिली, जसा एखादा साक्षीदार मालकाच्या देखत साक्ष देतो. तो खोटे बोलत नाही, पण मालक तेथे नसता तर तो काय बोलला असता हे कोणी सांगू शकत नाही. मग हे ज्ञान प्रत्यक्ष होते की शब्दजन्य? मी सोने ऐकले, की ‘सोने’ हा शब्द ऐकला?

नव्य नैयायिकांनी याच जातीच्या एका अनुभवाचे विवेचन ‘सुरभि चंदन’ या उदाहरणाने केले आहे. दूर ठेवलेले चंदनाचे खोड डोळ्यांना दिसते, आणि मनुष्य म्हणतो, हे सुगंधी चंदन मी पाहतो आहे. डोळ्याला वास येत नाही. पूर्वी घेतलेल्या वासाची स्मृती दृष्टीला येऊन मिळते आणि वास दिसल्यासारखा होतो. याला ते ज्ञानलक्षणा प्रत्यासत्ती म्हणतात, आणि ही काही मूर्खाची भ्रांती नव्हे, निरोगी मनाचा तो नित्याचा व्यापार आहे, हे त्यांनी ओळखले होते. सोने पिवळे आहे, उबदार आहे, दागिन्याचे आहे, दिवाळीच्या पहाटेचे आहे. रोडियम पांढरा, थंड, कठीण, शस्त्रासारखा चकाकणारा आहे. श्रोते सोन्याच्या जोडाच्या स्वराला उबदार म्हणतात आणि रोडियमच्या स्वराला लखलखीत, धारदार. या विशेषणांपैकी कानाची कोणती आणि डोळ्याची कोणती? मी जेव्हा माझी वही पुन्हा उघडली तेव्हा मला त्यात दोन धातूंचे रंग लिहिलेले दिसले.

धातूंचे जे गुण प्रयोगशाळेत मोजता येतात ते या रंगांच्या मागून चालत नाहीत. विजेला सर्वांत कमी रोध रुपे करते, मग तांबे. सोन्याचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट, रोडियमचा सुमारे अडीचपट. म्हणजे ज्या धातूला स्वच्छतेचे श्रेय दिले जाते तो वाहक या नात्याने साध्या तांब्याच्या मागे आहे. मुलामा इतका पातळ असतो की हा फरक व्यवहारात नगण्य ठरतो, ही गोष्ट वेगळी. मुलाम्याचे खरे काम निराळे आहे. सोने गंजत नाही, म्हणून वर्षानुवर्षे जोड निर्मळ राहतो. रोडियम अतिशय कठीण आहे, म्हणून वारंवार काढघाल केली तरी झिजत नाही. हे दोन्ही गुण मौल्यवान आहेत, पण ते रक्षणाचे गुण आहेत, गायनाचे नव्हेत. गोव्यातील केरी या गावी जन्मलेल्या केसरबाई केरकरांचा भैरवीचा स्वर १९७७ साली व्हॉयेजर यानांतून अवकाशात गेला, तोही तांब्याच्या तबकडीवर सोन्याचा मुलामा देऊन. त्या सोन्याने भैरवीत काही मिळवले नाही. ती टिकावी एवढीच त्याची नेमणूक होती, आणि ते काम ते आजही करीत आहे.

माझ्या स्नेह्यांपुढे मी हा विचार मांडला तेव्हा त्यांनी जे उत्तर दिले ते उथळ नव्हते. ते म्हणाले, “तुम्ही ज्ञानाला आधी आरोपी ठरवता आणि मग त्याच्याकडून जामीन मागता. मला ऐकू आलं, एवढं पुरे आहे. ते खोटं आहे असं ज्याला म्हणायचं असेल त्याने ते सिद्ध करावं.” त्यांना ठाऊक असो वा नसो, हा पक्ष मीमांसकांचा आहे, आणि सातव्या शतकात कुमारिलांनी तो अत्यंत समर्थपणे मांडलेला आहे. ज्ञान स्वतःच प्रमाण असते. त्याच्या प्रामाण्यासाठी दुसरे ज्ञान मागितले तर त्या दुसऱ्यासाठी तिसरे मागावे लागेल, आणि ही साखळी कोठेच थांबणार नाही. नैयायिक म्हणतो की प्रामाण्य बाहेरून कळते, प्रवृत्ती सफल झाली म्हणजे कळते: पाणी दिसले, जवळ गेलो, तहान भागली, तेव्हा ते पाणी होते असे ठरले.

या दोन पक्षांत मला पूर्वी नैयायिक नेहमी सरस वाटे. या प्रकरणात मात्र मला मीमांसकाचे म्हणणे अधिक माणुसकीचे वाटले, कारण आपल्या अनुभवावर प्रथमदर्शनी विश्वास ठेवल्याखेरीज जगणेच अशक्य आहे, आणि संगीत तर सर्वथा अशक्य. परंतु मीमांसकानेही आपला विश्वास बिनशर्त ठेवलेला नाही. दोन प्रसंगी तो ज्ञानाचे प्रामाण्य काढून घेतो: उलट ज्ञान उत्पन्न झाले तर, किंवा ज्ञान देणाऱ्या कारणातच दोष आढळला तर. काविळीने पिवळ्या झालेल्या डोळ्याला शंख पिवळा दिसतो. शंख पांढरा आहे हे अजून कोणी दाखवले नसले तरी कावीळ आहे हे कळताच त्या पिवळेपणावर हरकत घेता येते. माझ्या बाबतीत कारणातील दोष मला माहीत होता. कोणता जोड लागला आहे हे मला आधी सांगितलेले होते. म्हणजे दोन्ही दर्शनांच्या कायद्याने फेरतपासणी आवश्यक होती, आणि ती न करण्यास माझ्यापाशी आळसाखेरीज कोणतीही सबब नव्हती.

ती मी पुढील प्रकारे केली. रोज संध्याकाळी, घाई न करता, एकाच ध्वनिमुद्रणाचा तोच दोन मिनिटांचा भाग मी प्रथम सोन्याच्या आणि मग रोडियमच्या जोडाने, नाव जाणून, ऐकत असे. नंतर मी खोलीबाहेर जाई. माझी मुलगी नाणे उडवून दोहोंपैकी एक जोड लावी, यंत्राच्या मागील बाजूवर उपरणे टाकी, काय लावले ते चिठ्ठीवर लिहून लखोट्यात बंद करी आणि दुसऱ्या दाराने निघून जाई, जेणेकरून तिच्या मुद्रेवरूनही मला काही कळू नये. मी परत येऊन, हवे तितके ऐकून, आपले उत्तर वहीत लिही. दहा संध्याकाळी दहा उत्तरे झाली तेव्हा आम्ही लखोटे फोडले. सहा बरोबर होती. जो माणूस काहीच न ऐकता केवळ नाणे उडवून उत्तरे लिहील, त्याचीही दहापैकी सहा किंवा त्याहून अधिक उत्तरे बरोबर येण्याचा संभव १०२४ मध्ये ३८६ इतका असतो. म्हणजे माझ्या सहांना पुरावा म्हणता येत नाही. आणि मला विशेष वाटले ते हे की दहाही दिवस, चुकलेल्या चारही दिवशी, मला फरक ऐकू येत होता. रोडियमला सोने समजून मी ज्या संध्याकाळी ‘ऊब’ असे लिहिले, त्या संध्याकाळीही ती ऊब मला खरोखरीच जाणवली होती.

एवढ्यावर थांबलो असतो तर अन्याय झाला असता, कारण पहिल्या रात्री नाहीशी झालेली गुणगुण अजून हिशेबात आलेली नव्हती. म्हणून तोच प्रयोग मी माझी जुनी रबरी दोरी आणि सोन्याच्या जोडाची दोरी यांत केला. दहांपैकी दहा बरोबर. १०२४ मध्ये एकदाच नाणे असे बोलते. तेथे कानाला संशयच नव्हता. गुणगुण असे किंवा नसे. मग मी बाजारातून अगदी साधी, मुलाम्याचे नावही नसलेली एक नवी दोरी आणली, आणि गुणगुण तिनेही तितकीच पुरती नाहीशी झाली. एका जाणत्या वायरमनने जुनी दोरी तपासून दाखवले की वर्षानुवर्षांच्या वापराने तिचा कनेक्टर खाचेत सैल बसत होता आणि त्यातील अर्थिंगची पाती पसरून तिचा स्पर्श सुटत होता. ॲम्प्लिफायरच्या धातूच्या पेटीस जमीन मिळत नव्हती; गुणगुण त्यामुळे होती, आणि केवळ गुणगुण नव्हे, धोकाही होता.

म्हणजे त्या रात्री माझा कान निखालस खरे बोलला होता. दोष साक्षीत नव्हता, कारण ठरविण्यात होता. येथे पुन्हा नैयायिकांनी कुंभाराच्या अंगणातून आणलेला एक विचार उपयोगी पडतो. घट उत्पन्न होताना जे जे तेथे हजर असते ते सर्व घटाचे कारण नसते. कुंभाराचा दंड चाक फिरवतो म्हणून तो कारण. परंतु त्या दंडाचा रंग, जो दंडाला सोडून कधीच राहत नाही आणि प्रत्येक घटाच्या जन्माच्या वेळी हटकून हजर असतो, तो कारण नव्हे. त्याला विश्वनाथपंचाननांनी अन्यथासिद्धांच्या यादीत घातले आहे. माझ्या स्नेह्यांचा जोड हा दंड होता: त्याची पकड घट्ट होती, त्याची अर्थिंगची पाती नीट बसत होती, आणि त्याने खरोखरीच आवाज सुधारला. सोने हा त्या दंडाचा रंग होता. रंगाला दंडाचे श्रेय देणे ही चूक किती सहज होते, आणि किती प्रामाणिक माणसांकडून होते, हे मी स्वतःवरून शिकलो. आणि धर्माच्या क्षेत्रात आपण कितीदा दंडाला नमस्कार करण्याऐवजी त्याच्या रंगासाठी भांडतो, हा विचार तेव्हापासून माझा पिच्छा सोडत नाही. नामस्मरणाने मन स्थिर होते हे ज्याला अनुभवास आले, तो माळेचे मणी कोणत्या लाकडाचे यावर वाद घालू लागतो. उपवासाने शरीर हलके होते हे ज्याला कळले, तो पंचांगातील घटका-पळांवरून शेजाऱ्याशी अबोला धरतो.

कुंभाराच्या अंगणाचा विषय निघाला म्हणून सांगतो. तेरच्या गोरोबाकाकांची कथा आपल्याकडे प्रत्येकाला ठाऊक आहे: संतांचा मेळा जमलेला, मुक्ताबाईंनी थापटण्याकडे बोट दाखवून विचारले हे काय, गोरोबा म्हणाले याने मडके कच्चे की पक्के ते कळते, आणि मग त्याच थापटण्याने त्यांनी एकेकाचे मस्तक थापटून पाहिले. बाकीचे शांत बसले, नामदेव रागावले, आणि हे मडके कच्चे असा निकाल झाला. ही कथा मी लहानपणापासून गुरुमाहात्म्याची म्हणून ऐकत आलो, कारण पुढे नामदेव औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले. आता मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या सभेत तपासणीला अश्रद्धा कोणीच म्हटले नाही. देवाशी प्रत्यक्ष बोलणाऱ्या भक्ताचीही तपासणी झाली, ती ध्वनीवरून झाली, आणि तिचा राग येणे हेच कच्चेपणाचे लक्षण ठरले. पक्क्या मडक्याला थापटल्याने काही होत नाही.

माझे स्नेही मात्र लखोट्यांच्या प्रयोगाला बसले नाहीत. “तुम्ही केलंत ते ठीक,” ते म्हणाले, “पण मी परीक्षेला बसलो की माझं ऐकणं संपतं. मी रात्री जोड पुसतो, लावतो, दिवा मालवतो आणि बसतो. त्या तासाभरात मला जे मिळतं ते मला तागडीत घालायचं नाही.” त्यांच्या या नकारावर मी पुष्कळ विचार केला आहे, आणि तो मला केवळ पळवाट वाटत नाही. जोड पुसणे, दिवा मालवणे, स्थिर बसणे या गोष्टींनी त्यांचे श्रवण निश्चितच सुधारते. पूजेपूर्वी उपकरणी घासणाऱ्याचे मन जसे घासण्यातच पूजेला लागते, तसेच हे आहे. जपानमध्ये काही श्रोत्यांनी आपल्या घरासाठी स्वतंत्र रोहित्रासह मालकीचा विजेचा खांब उभारून घेतला. त्यांच्या त्या निष्ठेपुढे माझी मान आदराने लवते, मग त्या खांबाने स्वरात काही भर घातलेली असो वा नसो. आनंदाला दाखला लागत नाही. ‘मला आनंद झाला’ या विधानाची फेरतपासणी करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

परंतु ‘हा आनंद रोडियमने झाला’ हे विधान निराळ्या जातीचे आहे. ते अंतःकरणाविषयी बोलत नाही, धातूविषयी बोलते. आणि ज्या क्षणी ते दुसऱ्याला सांगितले जाते, ज्या क्षणी एखादा नोकरदार तरुण आपल्या पगारातून ते मानून पैसे मोजतो, त्या क्षणी सांगणारा आप्त होतो आणि त्याच्यावर आप्ताची जबाबदारी येते. आप्त कोण, याचे वात्स्यायनांनी केलेले लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेंच्छाला सारखेच लागू आहे: ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. माझ्या स्नेह्यांपाशी इच्छा पुरेपूर आहे. साक्षात जाणणे मात्र नाव झाकल्याशिवाय पुरे होत नाही. समर्थांनी दासबोधात शास्त्रप्रचिती, गुरुप्रचिती आणि आत्मप्रचिती अशा तीन प्रचिती सांगितल्या आणि तिन्हींचा मेळ बसावा अशी अपेक्षा ठेवली. आत्मप्रचिती एकटीच पुरते असे मानणारा पुढे कोणत्याही बुवाच्या पायाशी जाऊन बसू शकतो, कारण तेथेही त्याला काहीतरी खरोखरीच जाणवलेले असते.

ज्यांना घरातील यंत्रणेसाठी जोड निवडायचा आहे त्यांना माझी विनंती आहे. प्रथम आहे तो जोड खाचेत घट्ट बसतो की नाही ते पाहा. भिंतीतील सॉकेटचे अर्थिंग जाणत्या वायरमनकडून तपासून घ्या. आपल्याकडील दाब २३० व्होल्टांचा आहे, म्हणून १२५ व्होल्टांसाठी बनलेला अमेरिकी पद्धतीचा प्लग, तो कितीही सुंदर असला तरी, भिंतीत लावू नका, आणि सैल ॲडॅप्टरवर किमती दोरी टांगू नका. एवढे करूनही मन सोन्याकडे ओढत असेल तर घरातील कोणाला तरी दहा लखोटे करायला सांगा.

स्नेह्यांच्या दोन्ही दोऱ्या मी दिवाळीपूर्वी परत केल्या. आता माझ्या ॲम्प्लिफायरला ती साधी दोरी लावलेली आहे. तिच्या पात्या मुलाम्याविना आहेत, तिची पकड घट्ट आहे, आणि दर सहा महिन्यांनी मी ती काढून तपासतो.